स्मरणिकेतली मावशी

पेणपासून रोह्यापर्यंत असा एकही साहेब झाला नाही, ज्याला माझ्या मावशीनं अरे-तुरे केलं नाही. रामवाडीला ती एस.टी.त चढली की कंडक्टर तिकिटाआधी तब्येत विचारायचा, कारण एकदा बायका उभ्या आहेत म्हणून तिनं पुढाऱ्याचे दोन कार्यकर्ते सीटवरून उठवून गाडीभर भाषण ठोकलं होतं. लग्नात गेली तर आधी मांडवामागं भांडी घासणाऱ्या बायका जेवल्या का बघायची. नसतील तर वरमाईची पंगत खोळंबलीच म्हणून समजा!

तरुणपणी ती मिठागरावर होती. तिथं जोडीनं काम लागायचं. मिठाच्या पाट्या दोघांनी वाहायच्या, पण हजेरी एकट्या नवऱ्याच्या नावावर. मावशीनं मुकादमाला विचारलं, "मी काय सावली हाय त्याची?" मुकादम हसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पाट्या पालथ्या घालून बांधावर बसल्या. एकट्यानं वाहून वाहून तिसऱ्या दिवशी नवऱ्यांना बायकांच्या हक्कांचा असा काही पुळका आला, की तेच मुकादमाच्या पाया पडायला निघाले! बायकांची नावं हजेरीत चढली, संघटना उभी राहिली. अध्यक्ष अर्थातच पुरुष झाले. मावशीकडे चहाचं खातं आलं.

पुढं पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या, तेव्हा स्त्रीशक्तीवर बोलणाऱ्या पुरुषांचं पीकच आलं. त्याच सुमारास संघटनेनं रोह्याला वर्धापनदिन ठरवला, आणि मी शाळामास्तर म्हणून स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. मी मावशीवर अख्खं पान लिहिलं आणि तिला तसं सांगूनही ठेवलं. अध्यक्षांनी ते काढून तिथं स्वतःचं मनोगत घातलं. "मास्तर, बाईंना औक्षणाचा मान दिलाय की!" मी नुसतं 'बरं' म्हणालो. आजही लाज वाटते.

कार्यक्रम संपल्यावर मावशी स्मरणिका पोटाशी धरून माझ्याकडे आली. तिला अक्षरओळख नव्हती. "माझं वाच रं," म्हणाली. मी अध्यक्षांचं मनोगत समोर धरलं आणि काढून टाकलेलं पान तोंडपाठ म्हणत गेलो. बांध, पालथ्या पाट्या, सगळं. तिचे डोळे भरून आले.

"नाव कुठं हाय? दाव."

मी तिचं बोट धरून अध्यक्षांच्या नावावर ठेवलं. मिठानं चिरलेलं ते बोट कितीतरी वेळ त्या नावावरून फिरत राहिलं.

"झ्याक छापलंय रं," ती म्हणाली. "आता नाय कोन खोडायचा."