पडताळणीला आलेले दोघं

दिल्लीत खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या मुलींनो, हे वाचा.

दुपारी भाडेकरू पडताळणीसाठी पोलीस आला. कडक इस्त्रीची वर्दी, मऊ आवाज. आधार कार्डाचा फोटो काढला, लातूरचा पत्ता घेतला, रात्री सोबत कोण असतं तेही विचारलं. मी सगळं सांगितलं, वर चहाही दिला.

संध्याकाळी दुसरा पोलीस आला, त्याच कामाला. म्हटलं, "दोपहर में हो गया ना, भैया."

"माथे पे कट का निशान था?"

होता.

तो जिन्याकडे बघत राहिला. "उसे तो नौकरी से निकाल दिया, मैडम. फिर भी घर घर घूमता है."

"और वर्दी?"

"वर्दी सब अपनी सिलवाते हैं. कौन पूछता है."

घाबरून मी यालाही सगळं सांगितलं. आधार, पत्ता, रात्रीचं. तो गेल्यावर कडी लावताना लक्षात आलं, ओळखपत्र मी याचंही पाहिलं नव्हतं.

पोलीस ठाण्यात फोन केला. "अभी किसी को भेजते हैं," म्हणाले.

त्याचीच वाट बघत बसलेय. दार उघडण्याआधी नेमकं काय विचारायचं असतं, कुणाला माहीत आहे?