अजानीला पडणारा खटका

अजान झाली की इरफानभाईच्या घरातली लाईट जायची. पहाटेच्या अजानीला जायची, मावळतीच्या जायची, रात्रीच्या जायची. दुपारच्या दोन्ही अजानीला मात्र काही व्हायचं नाही. नवा डीबी बसवून चार दिवस झाले होते, आणि बसवणारा मी होतो.

डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांची पेटी. इरफानभाईचं घर उदगीरच्या जुन्या भागात, आडत मोंढ्यात. घरातली वायरिंग लाकडी पट्टीवरची, मेन बोर्डावर चिनी मातीचे कटआउट. आतली फ्यूजची तार जळाली की कुणीतरी जाडी तार घालायचं. मग तार जळायची नाही, वायर जळायची. यंदा त्यांनी दोन एसी घेतले तेव्हा मला बोलावलं. माझी बायको जाऊन आठ महिने झाले. घरी बसून भिंतीकडं बघण्यापेक्षा काम बरं, म्हणून घेतलं.

नव्या पेटीत मी ईएलसीबी बसवला. त्याचं काम सोपं हाय. फेजच्या वायरीतून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलच्या वायरीतून परत आला पाहिजे. कमी आला म्हणजे बाकीचा कुठंतरी पळून चाललाय, जमिनीत नाहीतर माणसाच्या अंगात. तेवढं दिसलं की हा खटका पडतो आणि सगळं घर बंद करतो. जुन्या घरात असा खटका नसतो. तिथं करंट वर्षानुवर्षं पळत राहतो, कुणाला पत्ता लागत नाही.

पहिल्या दिवशी मी पाण्याच्या मोटारीवर संशय घेतला. मोटार सोडवून ठेवली, तरी खटका पडला. दुसऱ्या दिवशी फ्रिज आणि गिझर काढले. पडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी घरातली सगळी बटणं चालू करून दोन तास बसलो, तर काहीच नाही. इरफानभाईच्या घरवाली म्हणाल्या, मशिदीच्या भोंग्याचा करंट आपल्या घरात येतो का बघा. हसलो, पण खरं सांगतो, जाऊन भोंग्याची वायर बघून आलो. ती वेगळ्याच खांबावरून होती.

एक गोष्ट डोक्यात किडा करून राहिली होती. खटका पडला की इरफानभाई लगेच वर करायचे. राहायचा नाही, परत पडायचा. पंधरा-वीस मिनिटांनी वर केला की राहायचा. म्हणजे वायर खराब नव्हती. कुणीतरी काहीतरी चालू करत होतं आणि थोड्या वेळानं बंद करत होतं.

चौथ्या दिवशी इरफानभाई वैतागले. लगेच पुढच्या दिवशी हैदराबादहून मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

"मिस्त्री, ते डबडं काढून टाका. आधीचं बरं होतं. निदान लाईट तर राहायची."

"आजची मावळती बघू द्या," मी म्हणालो. "नाही सापडलं तर मीच डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट करणं म्हणजे तो खटका मधून काढून टाकणं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडाला कंटाळून मी ते कितीतरी घरांत केलंय. त्या दिवशीही खिशात वायरीचा तुकडा कापून तयार ठेवला होता.

अंगणात बाज टाकून बसलो. अजान सुरू झाली. इरफानभाईच्या आई, सगळे त्यांना खाला म्हणतात, काठी टेकत मागच्या दाराकडं गेल्या. मी उठून मागं गेलो. दाराच्या मागं, अंधारात, एक काळं गोल जुनं बटण होतं. चार दिवसांत मला ते दिसलं नव्हतं, कारण दार कायम उघडं आणि बटण दाराच्या आड. खालांनी ते सवयीनं चाचपून दाबलं. घर बंद.

"गेली बघा," त्या म्हणाल्या. "रोजचंच हाय." आणि अंधारातच वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, निघाल्या.

मी काठी धरली. "खाला, नळाला हात लावू नका."

मागच्या ओट्यावर जुना लोखंडी नळ. घरातले बाकीचे नव्या बाथरूमात जातात. तिथली फरशी घसरते म्हणून खाला इथंच हातपाय धुतात. नळावर एक बल्ब. अंधार असला की तो लावायचा, वजू झाला की बंद करायचा. दुपारी उजेड असतो, बल्ब लागतच नाही.

बटण बंद केलं, बॅटरीच्या उजेडात बल्बची वायर धरून गेलो. फेज बरोबर होता. परतीची वायर मात्र बोर्डाकडं न जाता खाली उतरून नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. न्यूट्रल तुटला की पूर्वी असंच करत. लोखंडी पाइप जमिनीत लांबपर्यंत जायचा, करंट त्यातून मातीत उतरायचा, बल्ब लागायचा. दोन वर्षांपूर्वी बाहेरचा पाइप प्लास्टिकचा झाला. करंटला उतरायला जागाच राहिली नाही. बल्ब मिणमिणता झाला आणि नळ जिवंत झाला.

खाला म्हणाल्या, "नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. दोन वर्षं सांगून राहिले. तर ह्यानं मला लातूरला डॉक्टरकडं नेलं. शुगर म्हणाले. गोळ्या चालू हायत."

गुडघ्यामुळं खाला लाकडी पाटावर बसतात. त्या पाटानं त्यांना दोन वर्षं वाचवलं, आणि चार दिवस त्या डबड्यानं.

मग इरफानभाईंनी विचारलं, "कोणत्या गाढवानं केलं होतं हे?"

मी जॉइंट सोडवत होतो. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, लाल दोऱ्यानं बांधलेली. त्या काळी टेप परवडत नव्हता. माझी बायको ब्लाउज शिवायची, ती त्याच कात्रीनं मला ट्यूबच्या पट्ट्या कापून द्यायची. टोक तिरपं कापायची, म्हणजे गुंडाळताना बसतं म्हणायची. रबर कडक होऊन तडकलं होतं. टोक तिरपंच होतं.

"मी," मी म्हणालो.

त्यांना मस्करी वाटली. खाला मात्र आठवत म्हणाल्या, "माझ्या शबानाच्या लग्नाला. न्यूट्रल भिंतीत तुटला होता. मीच म्हणाले, आजच्यापुरतं लाव. तू म्हणालास, चार दिवसांनी येऊन नीट करतो."

ते विसरलो, आणि तीस वर्षांनी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ओट्यापर्यंत तीन नव्या वायरी ओढल्या, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. पाइपावरचा तुकडा उपटला. बटण दारामागून काढून समोर घेतलं. पाहुणे बसलेले असताना मावळतीची अजान झाली. खालांनी बल्ब लावला. खटका पडला नाही. नळाला हात लावून त्या थोडा वेळ तशाच थांबल्या, मग म्हणाल्या, "आता काही नाही." शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरला विचारा, असं मी इरफानभाईला सांगितलं. ते माझं खातं नाही.

डायरेक्ट करायला कापलेला तुकडा भंगारात टाकला. ट्यूबची पट्टी पिशवीत हाय, टेस्टरच्या बाजूला. बायकोचं काम चांगलं होतं, वाईट माझं होतं.

आता कुठल्याही जुन्या घरात गेलो की मी मीटर नंतर काढतो. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारतो, मुंग्या कुठं येतात.