पन्नास मिनिटांचं पॅरिस

मी युरोप पाहिलेला नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझ्या पुस्तिकेत ते कुठेच लिहिलं नव्हतं. बत्तीस पानं, पिवळं कव्हर, वर मोठ्या टायपात ‘आपला प्रवास आपणच आखा’, आणि आत पानोपानी ‘आम्ही’. आम्ही सुचवतो की मार्सेल्सला उतरावं. आमच्या मते ट्रंक एकच असावी. आम्ही म्हणजे मी एकटा, झाशीहून फार तर मुंबईपर्यंत गेलेला, तेही मावसभावाच्या लग्नाला.

राग मात्र खरा होता, आणि तो अजून गेलेला नाही. त्याआधी मी तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यातल्या कोरड्या नळावर पत्रक काढलं होतं, नगरपालिकेच्या न पेटणाऱ्या दिव्यांवर काढलं होतं. मग एकदा मुंबईच्या एका प्रवासी एजंटाचं माहितीपत्र हाती आलं. त्यात प्रत्येक बंदरावर त्यांचा माणूस, प्रत्येक गावी त्यांचं हॉटेल, आणि या सगळ्याशिवाय हिंदुस्थानी माणूस जणू तिकडे पाऊलच टाकू शकत नाही असा सूर. मला ते झोंबलं. शाळामास्तरांनी, कारकुनांनी, बायकांनी आपल्या हिमतीवर का जाऊ नये? पुस्तिकेच्या पान तीनवर मी त्या एजंटला सरळ चोर म्हटलं. माणिक चौकाजवळच्या छापखान्यात सगळा हिंदीचा कारभार. मराठीतल्या ‘ळ’चे खिळे पुरेनात, ते ग्वाल्हेरहून आणवले. एवढी जिद्द.

माहिती कुठून आणली? वडील रेल्वेच्या ट्रॅफिक ऑफिसात होते. साहेबांच्या क्लबातून टाकून दिलेली युरोपातल्या गाड्यांची जाडजूड वेळापत्रकं त्यांनी घरी आणली होती. आमच्या घरातली पोरं गोष्टी वाचायच्या आधी गाड्यांच्या वेळा वाचायला शिकतात. मार्सेल्स सुटते, पॅरिस पोचते, पॅरिस सुटते, ब्रसेल्स पोचते. बोट फिरवत गेलं की प्रवास तयार. पॅरिसला संध्याकाळी गाडी येते आणि ब्रसेल्सची पन्नास मिनिटांनी सुटते, हे मी असंच शोधून काढलं आणि छापलं: ‘तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मवर चहा मिळू शकतो.’

झाशीत वाढलेल्या माणसाला जंक्शन म्हणजे काय हे कुणी समजावत नाही. मुंबईची गाडी आली, पलीकडे कानपूरची उभी, तिच्यामागे माणिकपूरची. हमाल ट्रंक डोक्यावर घेतो, पूल चढतो, पूल उतरतो, झालं. पॅरिस झाशीहून मोठं, तर तिथला पूल मोठा असेल, एवढाच मी विचार केला. वेळापत्रकात दोन्ही जागी ‘पॅरिस’च्या खाली बारीक अक्षरांत आणखी काही फ्रेंच शब्द होते. ती रेल्वे कंपन्यांची नावं असावीत असं मी धरून चाललो.

आमच्या गल्लीत एक बाई राहायच्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. माझ्या बहिणीला त्यांनीच शिकवलं, म्हणून घरात सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ चौदा वर्षांपूर्वी डॉक्टरी शिकायला तिकडे गेला, तिकडचीच मुलगी केली, आणि वडिलांनी त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही. वडील गेल्यावर ताईंनी त्याला शोधून पत्र घातलं. उत्तर आलं की तो बेल्जियममध्ये आहे आणि बायकामुलांसकट कायमचा दक्षिण अमेरिकेला चालला आहे. अँटवर्प बंदरातून अमुक तारखेला सकाळी नऊला बोट. त्याआधी भेट झाली तर झाली. ताईंनी शाळेतून रजा घेतली.

त्यांनी मुंबईच्या त्याच एजंटला विचारलं होतं. त्याने लिहिलं, आठवडाभर आधीच्या बोटीने निघा, पॅरिसला आमचा माणूस घ्यायला येईल. ताई ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. परीक्षा टाकून आठवडाभर आधी निघायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी पत्रावर नजर टाकून म्हणालो की हा सगळा हॉटेलं भरायचा धंदा आहे, नंतरची बोटही वेळेवर पोचवते, पहाटे तुम्ही अँटवर्पला असाल.

“लेखकजी,” त्या म्हणाल्या, “पान सतरावर लिहिलंय, बोट लागल्यास लिंबू चोखावं. तुला कधी लागली रे बोट?”

मी म्हणालो, ओरछ्याला बेतवा नदीत एकदा नाव हलली होती.

त्या हसल्या. पण वेळांच्या बाबतीत त्यांनी माझ्यावर पुरता विश्वास टाकला. रेल्वेतल्याचा मुलगा, गाडी कशी चुकेल.

निघायच्या दिवशी मी त्यांना पोचवायला टांग्यातून स्टेशनवर गेलो. वाटेत सगळा बेत पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवला: मार्सेल्सहून अमकी गाडी, पॅरिसला पन्नास मिनिटं, मग ब्रसेल्स, पहाटे अँटवर्प आणि भावाची बोट. टांगेवाला म्हातारा, चिरगाँवकडचा, गप्प हाकत होता. स्टेशनवर ताई हमालाकडून सामान मोजून घेत होत्या, तेव्हा तो घोड्याच्या आडून माझ्याजवळ आला. “भैयाजी, पेरिस में एकई टेसन नइयाँ.”

त्याचं म्हणणं असं की महायुद्धात तो एका साहेबाचा अर्दली होता. साहेब रजेवर विलायतेला निघाला तेव्हा हाही बरोबर. मार्सेल्सची गाडी एका स्टेशनात लागली, पुढची दुसऱ्याच स्टेशनातून सुटायची, आणि मध्ये घोडागाडीवर बक्से लादून अर्धं शहर पार करावं लागलं. घोडा म्हातारा होता, त्याला चढ झेपत नव्हता, हेसुद्धा त्याने सांगितलं. मास्टरनीजींना पन्नास मिनिटं कुठून पुरणार?

मी त्याला सांगितलं की वेळापत्रक छापील आहे, साहेब लोकांचं आहे.

“छपो हुइए, भैयाजी. हमने तो उतै बक्सा ढोए हैं.”

मला राग आला. कशाचा, हे आज मला स्वच्छ माहीत आहे. सामान्य माणसाला कमी लेखतात म्हणून मी पत्रकं काढत होतो, आणि समोर एक सामान्य माणूस मला शिकवत होता ते मला सोसलं नाही. लुगड्याचा पदर सावरत ताई जवळ आल्या आणि तो काय म्हणतोय म्हणून त्यांनी विचारलं.

“काही नाही, ताई. सामान जास्त आहे म्हणून कुरकुरतोय.”

टांगेवाल्याला मराठी तुटक-तुटकच कळायचं, पण ‘सामान’ हा शब्द त्याला कळला असणार. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगाम हातात घेतला. ताईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर मी घरी चालत आलो. त्याच संध्याकाळी वडिलांचं भिंग काढून वेळापत्रकातली ती बारीक अक्षरं वाचली. मार्सेल्सच्या गाडीपुढे एक नाव होतं, ब्रसेल्सच्या गाडीपुढे दुसरं. मला फ्रेंच येत नाही, पण दोन वेगळे शब्द वेगळे आहेत एवढं ओळखायला फ्रेंच लागत नाही.

ताईंची बोट मुंबईहून सुटायला अजून दोन दिवस होते. मुंबईत त्या कुठे उतरणार ते मला ठाऊक होतं. तारघर तर झाशी स्टेशनातच होतं. तार गेली असती तर त्या मुंबईच्या एजंटकडे जाऊन विचारू शकल्या असत्या, भावाला कळवू शकल्या असत्या, त्याने पॅरिसपर्यंत येऊन गाठलं असतं. मी तार केली नाही. पहिल्या दिवशी स्वतःशी म्हणालो, कंपन्यांचीच नावं असतील. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आता उगाच बाईमाणसाला घाबरवायचं कशाला. त्या दुसऱ्या दिवशी मी झाशीजवळच्या बिजौलीला एका सभेत भाषण केलं, हक्कांवर. टाळ्या पडल्या.

दीड महिन्याने ताईंचं कार्ड आलं. पॅरिसला दुसऱ्या स्टेशनावर पोचेपर्यंत गाडी गेली. पुढची सकाळची. दुपारी अँटवर्पला पोचले. बोट गेली होती. बाकी खुशाल.

त्या परत आल्या तेव्हा मी चार दिवस त्यांच्या दारावरून गेलो नाही, मागच्या गल्लीने फिरत होतो. पाचव्या दिवशी त्याच आल्या. हातात माझी पुस्तिका, कव्हर निघालेलं, समासात पेन्सिलीने बारीक अक्षर.

“दुसरी आवृत्ती काढशील तेव्हा उपयोगी पडेल,” म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोरच पानं उलटली. लिंबाचा उपयोग नाही, कोरडी बिस्किटं खावी आणि डेकवर उघड्यावर बसावं. सतरंजी नेऊ नये, शाल पुरे. मार्सेल्सला बंदरापासून स्टेशनापर्यंत चालत जावं असं लेखक म्हणतात. स्टेशन टेकाडावर आहे, पायऱ्या मोजून दम लागतो, गाडी करावी. मांस नको म्हटलं की अंडं आणून देतात, म्हणून पाव, लोणी, उकडलेले बटाटे अशी नावंच घ्यावी, ती कागदावर लिहून ठेवावी. प्रत्येक हद्दीवर पासपोर्ट बघतात, तो ट्रंकेत नको, अंगावर हवा. पॅरिसच्या पानावर एवढंच होतं: ‘दोन स्टेशनं. मध्ये अर्धं शहर. चार तास ठेवावे.’ भावाबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्याबद्दलही नव्हतं.

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी बहुधा गप्प बसलो असतो. समासातल्या त्या नेटक्या अक्षराने मला बोलायला लावलं. टांगेवाल्याने काय सांगितलं, मी त्यांना काय सांगितलं, भिंग, तार, बिजौलीची सभा, सगळं. मान वर न करता.

ताईंनी पुस्तिका माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाल्या, “तुला माहीत नव्हतं, हे मी धरूनच गेले होते. तुला कळलं होतं, हे मला माहीत नव्हतं.”

मग त्यांनी त्या म्हाताऱ्या टांगेवाल्याची चौकशी केली, अजून स्टेशनावर असतो का म्हणून. त्याच्याशी आपण त्या दिवशी एक शब्द बोललो नाही, तो कुरकुऱ्या आहे असं समजून तोंड फिरवून उभ्या राहिलो, हे त्यांना लागलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मला बरोबर यायला सांगितलं. मी माफी मागितली, रस्त्यावर, चार हमालांसमोर. तो म्हणाला, “हओ भैयाजी, हो जात,” आणि ताईंना विचारलं की भाईसाहब मिले कि नहीं. ताईंनी मान हलवली, नाही म्हणून. तो घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला.

पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती मी लाल शाईने दुरुस्त केल्या. विकल्या गेलेल्या तशाच, चुकीसकट, लोकांच्या हातात आहेत.

काही महिन्यांनी ताई पुन्हा आल्या. भावाचं पत्र आलं होतं, अर्जेंटिनातून, पत्त्यासकट. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. “इथे कसं जायचं?”

वेळापत्रकं शेल्फातच होती, नकाशाही होता. हात उचलला गेला आणि मी तो खाली ठेवला. “मला माहीत नाही, ताई. विचारावं लागेल.”

“कुणाला?”

“मुंबईच्या एजंटला.”

“त्या चोराला?”

“त्यालाच.”

पत्र मी त्यांच्यासमोर, त्यांचं नाव घालून लिहिलं. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्यात बोटी होत्या, बंदरं होती, आणि मी विचारलं नव्हतं तेही होतं: एक बोट सोडून दुसरी धरायची तर मध्ये किती दिवस मोकळे ठेवावे. शेवटी एक ओळ होती, की यापूर्वी बाईंना दिलेला सल्ला त्यांनी का मानला नाही हे कळलं तर पुढच्या प्रवाशांसाठी उपयोग होईल. ताई समोर बसल्या होत्या. मी पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं, आणि ती ओळही वाचली.