मिठासारखे दाणे आणि डॉ. ओव्हाळांचा संशय

डॉ. दिनकर ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या शिरूरच्या घराच्या दारात. हातात मोठा स्टीलचा डबा, पायांत धुळीने माखलेल्या चपला. मला वाटले, कोणी वर्गणी मागायला आले आहे. "मासा कुठं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार नंतर झाला.

डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरव समितीने माझ्याकडे लेख मागितला आहे; तिच्या पत्रात त्यांचा उल्लेख 'देवमाणूस' असा आहे. मला तो मान्य नाही. देवमाणसे सगळ्यांवर विश्वास ठेवतात. डॉक्टर कोणावरच ठेवत नाहीत, आणि मी लिहायला बसले आहे ती त्याच गुणासाठी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि चौतीस वर्षे शाळेत शिकवले. दोन्हीकडे खोटी स्तुती हे पापच मानले जाई.

माझ्या यजमानांनी हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. ते गेले तेव्हा तिच्यात एक कोळंबी आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक क्लाउन मासा उरला. हा मासा त्यांच्या बोटांतून खाणे घेई. माझ्या बोटांकडे ढुंकूनही पाहत नसे. तरी तो एकटा राहिलेला मला बघवेना, म्हणून मी दुकानातून त्याला जोडीदार आणला. दोन आठवड्यांत दोघांच्या अंगावर मिठासारखे पांढरे दाणे उठले. दुकानदाराने न बघताच तांब्याच्या औषधाची बाटली हातात दिली. चार दिवसांत कोळंबी मेली आणि मासे तळाशी बसून धापा टाकू लागले. दौंडच्या एका ओळखीच्या बाईंनी मला डॉक्टरांचा नंबर दिला. हे गृहस्थ जन्मभर जनावरांचे सरकारी डॉक्टर होते, हे कळल्यावर माझा उरलासुरला विश्वासही उडाला.

"म्हशींचे डॉक्टर माशाला काय करणार?" मी तोंडावर विचारले.

"म्हशीला जंत होत्यात, माशालाबी होत्यात," ते डबा उघडत म्हणाले. "बघायचं यंत्र एकच हाय."

डब्यात सूक्ष्मदर्शक होता. शेणातली जंतांची अंडी त्यांनी आयुष्यभर ज्याखाली पाहिली, तोच. त्यांनी जुन्या माशाला जाळीने उचलले, ओल्या फडक्यात धरले, काचेच्या कडेने अंगावरचा बुळबुळीत थर किंचित खरवडून घेतला आणि त्याला परत पाण्यात सोडले. मला श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. मग त्यांनी मला भिंगातून बघायला लावले. करड्या रंगाचे काहीतरी गोल, सावकाश गरगरत होते.

"ह्ये मीठ न्हाई बाई, जित्तं हाय. कातडीखाली घुसून बसलंय. तिथं तुमचं औषध पोचत न्हाई. सुटून पाण्यात पोहतं, तवाच मरतं. नवा मासा कवा टाकला?"

"तीन आठवडे झाले. दुकानदार म्हणाला, एकदम निरोगी आहे."

"इकणारा कवा आजारी म्हनतो व्हय?"

पाण्यात तांबे किती आहे ते बघायला त्यांनी टाकीतले पाणी नळीत घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी गडद निळे झाले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी कॉपी करणाऱ्या मुलींकडे पाहत असे.

"औषध दुप्पट घातलं ना?"

"मी मोजून घातलं आहे, डॉक्टर. मला मोजता येतं."

"समदे आसंच म्हनत्यात. पर पाणी खोटं बोलत न्हाई."

मी अपमानाने लाल झाले. त्यांना परत पाठवावे असेच मनात होते. तेवढ्यात माझ्याकडे कामाला येणाऱ्या मंदाने रीतीप्रमाणे पाहुण्यांसाठी पाणी आणले. डॉक्टरांनी फुलपात्र तोंडाला लावले आणि तसेच थांबले.

"ह्ये पाणी कशातलं?"

"तांब्याच्या हंड्यातलं, आप्पा," मंदा म्हणाली. "बाईंकडं समदे त्येच पित्यात. आता मासं आजारी हायेत तर त्यांचंबी पाणी बाई मीठ कालवून रातभर हंड्यातच ठिवत्यात. गुणाचं आसतंय ना."

आजारी माणसाला तांब्याचे पाणी द्यावे, हे मला माझ्या आईने शिकवले होते. मिठाच्या पाण्याने तांबे सुटते, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मोजायला चुकला न्हाईत तुम्ही. मीच चुकीचा संशय घेतला. पर आता तुमचं औषध किड्याला लागंना, माशाला लागाय लागलंय." माझ्या माहितीत चूक कबूल करणारे डॉक्टर हे एवढेच.

उपचार विलक्षण साधा होता. दोन प्लास्टिकचे टब आणायचे. दर तिसऱ्या दिवशी मासे ताज्या खाऱ्या पाण्याच्या टबात हलवायचे आणि जुना टब घासून उन्हात कडकडीत वाळवायचा. किडा माशावरून गळून तळाला चिकटतो. तिथे त्याची पिल्ले बाहेर पडेपर्यंत मासा दुसरीकडे गेलेला असतो. असे चार वेळा करायचे आणि पुढे मासे शेवटच्या टबातच ठेवायचे. मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची, म्हणजे तिच्यातले किडे उपाशी मरतात.

चारही वेळा डॉक्टर दौंडहून एसटीने आले. मी फोटो पाठवते म्हटले, तर "फोटूत समदं ब्येस दिसतं" म्हणाले. आल्याबरोबर रिकाम्या टबाच्या कोपऱ्यात बोट फिरवायचे, ओल राहिली आहे का बघायला. माझ्या शब्दावर विश्वास नाही का, असे मी एकदा रागाने विचारले. "तुमच्यावर हाय. टबावर न्हाई," ते म्हणाले.

दुसऱ्या फेरीआधीच नवा मासा मेला. डॉक्टरांनी त्याचे कल्ले भिंगाखाली पाहिले. माझ्यामुळे गेला का, असे मी विचारले. दुसऱ्या कोणी माझी समजूत घातली असती.

"निम्मा तुमच्यामुळं, निम्मा दुकानदारामुळं," ते म्हणाले. खऱ्या उत्तराने माणूस सावरतो, हे मला त्या दिवशी कळले.

वरवंडच्या एका हॉटेलवाल्याने ग्राहकांसाठी ठेवलेल्या टाकीबद्दल "नुसतं औषध लिहून द्या" म्हटले, तेव्हा डॉक्टर चहा न घेता उठून आले, असे ऐकते. न बघता औषध नाही, हा त्यांचा नियम. माणसांचे काही डॉक्टर तो पाळतील तर बरे.

अडीच महिन्यांनी जुना मासा मोठ्या टाकीत परतला. अंग स्वच्छ, पट्टे लख्ख. मी विचारले, "बरा झाला म्हणू का?"

"न्हाई. आज दिसत न्हाई, येवढंच म्हना. आन् हात घाला पाण्यात."

मी बोटांत खाणे धरले. तो आला, थांबला, आणि घेऊन गेला. डॉक्टर तेवढ्यात डबा बांधू लागले होते. त्यांनी मुद्दामच पाठ फिरवली होती, असा माझा संशय आहे.

डॉक्टर आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. एसटीची पायरी चढताना ते दांडा घट्ट धरतात आणि "गुडघ्याला काय झालं न्हाई" म्हणतात. मी यावर विश्वास ठेवत नाही. त्यांनी गुडघा दाखवावा, रक्त तपासून घ्यावे आणि सांगितलेले औषध घ्यावे. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहे, आणि तिच्यात माझा स्वार्थ आहे. हा मासा अजून दहा-बारा वर्षे सहज जगेल, असे त्यांनीच सांगितले आहे. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरला मी त्याला हात लावू देणार नाही.