झाडाला थांबवून धरणारे गफूरभाई

गफूरभाईंनी शेकडो झाडं पाडली, पण एकाही झाडाला माणूस मारू दिला नाही.

आज सकाळी जुन्नरमध्ये ते स्वतः गेले. ब्याण्णव वर्षांचे. घरच्या खाटेवर, झोपेत.

मी शहाऐंशीची. नात टाईप करतेय. चुका तिच्या, आठवण माझी.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. मी लग्न होऊन नुकतीच तळेघरला आले होते.

आमच्या घराच्या कडेला एक जांभूळ होतं, भाताच्या खाचरावर पार कललेलं. बुडाची माती वाहून गेलेली. पुढच्या पावसात पडताना जरा फिरलं असतं, तर घर गेलंच.

पण सासूबाई त्याला हात लावू देत नव्हत्या.

सासरे असंच कललेलं झाड तोडताना गेले होते. मागून कुऱ्हाड चालवत होते, खोड उभं फाटलं आणि उसळून त्यांच्यावरच आलं. पळायलाही वेळ मिळाला नाही.

त्यात सासूबाईंना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. म्हणजे वाद घालायचीही सोय नव्हती!

शेवटी आमच्या ह्यांनी जुन्नरच्या वखारीतून गफूरभाईंना आणलं. सोबत पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आमच्याकडं असलं मशीन कुणी बघितलेलंच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "माझा मालक खाल्ला असल्या झाडानं. तुझ्या मशीनला काय कळतंय?"

गफूरभाई त्यांच्या कानाशी ओरडले, "आई, मशीनला काय बी कळत न्हाई. मला कळतंय. मी म्हनल्याबिगर ह्ये झाड पडायचं न्हाई."

लई मोठं बोलणं. अख्खा गाव हसला. सासूबाईंनी मात्र हो म्हटलं.

त्यांनी आधी स्वतःला पळायची वाट साफ केली. मग खाचराच्या बाजूनं खोडाला खाच पाडली. आणि मग मागून कापायचं सोडून मशीनचं टोक कडेनं थेट झाडाच्या पोटात घातलं. हळूहळू, टोकाची खालची बाजू आधी. वरची बाजू आधी टेकली तर मशीन उलटून तोंडावर येतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

"आरं, झाड पाडतूय का भोक पाडतूय?" कुणीतरी ओरडलं.

पोट आरपार कापलं. पुढं न कापलेल्या लाकडाची एक पट्टी ठेवली, पाठीमागं एक. मशीन बंद केलं.

झाड जागच्या जागी उभं.

"झालं! बिघडलं मशीन," म्हणत आमचे हे कुऱ्हाड घेऊन निघाले.

"ए भाऊ! जागचा हलू नगं! मागच्या पट्टीनं धरलंय त्याला." मग चौफेर बघत गफूरभाईंनी विचारलं, "सगळी बाजूला झाली का?"

सासूबाई नव्हत्या.

त्या खाली खाचरात होत्या, बरोब्बर झाडाच्या रेषेत, वाकून माती उकरत. आम्ही कोंबड्या हलवल्या, शेरडं हलवली, पाटासुद्धा हलवला. बांधावरचा शेंदूर लावलेला शेतातला देव मात्र सगळेच विसरलो होतो. त्या देवाला काढायला गेल्या होत्या.

हाका मारून उपयोग नव्हता. मी धावले, तर गफूरभाईंनी हात आडवा घातला.

"झाडाखालनं न्हाई. पलीकडच्या बांधावरनं लांबून जा. झाड थांबंल."

मी वळसा घालून गेले, वेड्यासारखा पदर हलवला. सासूबाईंनी वर बघितलं. देव ओच्यात घेतला आणि सावकाश, अगदी त्यांच्याच चालीनं, बाहेर आल्या.

झाड थांबलं!

"देव बी आला का?"

"आला!"

मग गफूरभाईंनी मागची पट्टी तोडली आणि बाजूला झाले. जांभूळ आख्खंच्या आख्खं खाचरात आडवं. कौलसुद्धा हललं नाही. गावानं अशी आरोळी ठोकली की बास.

सासूबाईंनी खोडावरून हात फिरवला. कुठं चीर नव्हती.

"माझ्या मालकाच्या वक्ताला तू कुठं व्हतास रं?" म्हणाल्या आणि गफूरभाईंना धरून रडल्या. सासरे गेल्यावर त्या पहिल्यांदाच रडल्या होत्या.

पुढं आमच्या ह्यांच्यासकट आंबेगाव-जुन्नरचे कितीतरी गडी त्यांच्या हाताखाली शिकले. शेवटची पट्टी तोडण्याआधी गफूरभाई दरवेळी ओरडायचे, "सगळी बाजूला झाली का? देवासकट?"

त्या जांभळाचं दार आमच्या घराला अजून आहे. आज ते दिवसभर उघडं ठेवलंय.

सगळी बाजूला हायेत, गफूरभाई. देवासकट.

निघा आता.