तोंडासकट

माझ्या चित्राचं तोंड झाकलेलं होतं.

ठाकूरद्वारच्या एका वाचनालयाचा हॉल. माझ्या एकट्याच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन. आईला घेऊन आत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर हे दिसलं. सगळ्यात मोठं चित्र, नाव ‘मी’. नाकाखाली, तोंडाच्या जागी, एक छापील पत्रक आडवं चिकटवलेलं. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ खळ अजून ओली होती.

घोषणेशी माझं वाकडं नव्हतं. काळाचौकीहून निघणाऱ्या मोर्चात घसा बसेपर्यंत मीही तीच देत होतो. पण माझ्या चित्रावर ती कुणी डकवली?

संशय मला आधीपासून होता. वाचनालयाचे चिटणीस नानासाहेब म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, चळवळीत पुढे. सभेसाठी मी रंगवलेले फलक बघून तेच म्हणाले होते, “आमचा हॉल घे. आता आपण सगळे एक.” इतकी माया कशासाठी? त्यांच्या घरी चहा आला तेव्हा माझा कप बाकीच्यांसारखाच आहे ना, ते मी तिरक्या नजरेनं बघून घेतलं. तसाच होता. स्वतःचाच राग आला. संशय मात्र गेला नाही.

माझी चित्रं म्हणजे चिकटवाचिकटवी. नानासाहेब त्याला कोलाज म्हणत. ‘मी’चे डोळे गिरणीतल्या कापडाच्या ताग्यांवर लावतात त्या रंगीत तिकिटांचे. कपाळ आईच्या पांढऱ्या लुगड्याचं, आम्ही बौद्ध झालो त्या दिवशी ती नेसली होती ते. आणि तोंड सुताचं. ते माझ्या बापाचं तोंड.

बाप जन्मभर गिरणीत सूतकताईच्या खात्यात राबला. विणायच्या खात्यात आमच्या माणसाला घेत नसत. तिथं मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की नवं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. आमच्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? संपात खांद्याला खांदा चालायचा. धोटा नाही. मरेपर्यंत बापाला मागाला हात लावता आला नाही. म्हणून मी त्याच्या ओठांत धागा दिला होता. खाली कागदावर हे सगळं लिहूनही ठेवलं होतं. तो कागदही गायब होता.

आई चित्रापुढं थांबली.

“तुज्या बाचं त्वांड कुनी झाकलं रं?”

नानासाहेब मागून आले. हसत होते.

“मीच लावलं. अरे, चिकटवलेलंच चित्र ना तुझं? त्यात आणखी एक कागद. पाहुण्यांत गिरणीतले पुढारी आहेत, त्यांना उगाच लागेल. एकीची वेळ आहे ही.”

म्हणजे माझे डोळे चालले. कपाळही चाललं. तोंड तेवढं चाललं नाही. आणि हे सगळं शाबासकी दिल्याच्या सुरात. त्या सुराचाच मला जास्त संताप आला.

मी पत्रक धरलं आणि ओढलं. त्याच्याबरोबर निम्मं तोंडही निघालं. सूत तुटून खाली पडलं. पत्रक मी चुरगळलं नाही. घडी घालून नानासाहेबांच्या हातात दिलं.

त्यांचं हसू गेलं. “ते नीट कर, नाहीतर उतरव. हॉल आमचा आहे.”

खुर्च्यांवर माणसं येऊन बसत होती. हे मोडलं तर मला दुसरा हॉल कोण देणार होतं?

“उतरवतो,” मी म्हणालो. “सगळीच.”

कुणी अडवलं नाही, हातभारही लावला नाही. आईनं खाली पडलेलं सूत वेचलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

दुसऱ्या दिवशी मी मोर्चाला गेलो. घोषणा दिली, नेहमीपेक्षा मोठ्यानं. महाराष्ट्र माझाही आहे, तो काही नानासाहेबांनी मला द्यायचा नाही.

चित्र चाळीच्या गॅलरीत टांगलं. आईच्या गाठीतलं सूत तसंच आहे. ते मी परत चिकटवणार नाही. तोंड कुठं फाडलं ते दिसलं पाहिजे.

आता कुणी ‘आपण सगळे एक’ म्हणालं की मी आधी त्याच्या बोटांना खळ लागलीय का बघतो. एकी मलाही हवी. पण तोंडासकट.