वन्सं, नाव ठेवा

लातुरात गंजगोलाईच्या मागं, दुकानांच्या दोन रांगांच्या मधोमध एक बाग आहे, हे निम्म्या लातुराला ठाऊक नाही. बाहेरून बघाल तर बी-बियाण्याचं दुकान. पण दुकानातून सरळ आत गेलं, पोत्यांच्या थप्पीला वळसा घातला की एक लाकडी दार लागतं, आणि दारापलीकडं चिंच, कवठ, रामफळ नि दगडी आड. चारी बाजूंनी उंच भिंती. रिक्षाचा भोंगा तिथं ऐकू येतो, तोही दुसऱ्या गावातून आल्यासारखा.

दुकानाचा मालक अमरेश. त्यानं चार वर्षांमागं बागेत कडब्याच्या कोपी, म्हणजे छोट्या खोपी, उभ्या केल्या आणि खानावळ काढली. मार्गशीर्ष लागला की उघडायची, शिवरात्रीला कुलूप. जेवण एकच, येळवशीचं. येळवस म्हणजे वेळा अमावस्या; त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात जाऊन जेवतो, गावं ओस पडतात. पण ज्यांना शेत उरलं नाही, किंवा शेतावर बोलावणारं कुणी उरलं नाही, त्यांनी कुठं जावं? ती माणसं अमरेशच्या बागेत येत. शेंगा-पालेभाज्यांची घोटलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि गाडग्यातली आंबील.

आणि आंबील म्हटलं की मल्लम्मा. औशाकडची, साठी ओलांडलेली, कपाळावर भस्माची तीन बोटं. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मिरची, एवढ्याच वस्तू. पण तिच्या हातची आंबील प्यायला माणूस लोह्याहून येई. एक तलाठी तर सात वाट्या रिचवून चिंचेखाली असा झोपला, की संध्याकाळी बायको शोधत आली तेव्हा त्यानं डोळे चोळत तिलाच विचारलं, "सातबारा आणलाय का?"

आता खरी गोष्ट. दोन वर्षांमागं मल्लम्माला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. खानावळीत दूध करपून काळं झालं आणि ती चुलीपाशीच बसलेली, तेव्हा तिला ते कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आली. मीठ खाल्लं काय नि साखर खाल्ली काय, तोंडात नुसती वाळू.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. चव न कळणारी स्वयंपाकीण म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. मीठ ती मुठीच्या अंदाजानं घाली, आंबील किती फुगली ते गाडग्याला कान लावून ऐके. पण आंबील आंबली की नासली, हे कान कसं सांगणार? त्याला नाकच लागतं.

मग तिनं जेवणाऱ्यांची तोंडं वाचायला सुरुवात केली. शेतातला गडी असता तर पहिल्या घोटाला भिवई हलली असती आणि सगळं समजलं असतं. बागेतली माणसं मात्र आधी वाटीचा फोटो काढत. फोटोसाठी हसत. मग प्यायची आणि म्हणायची, "मस्त, मावशी!" पाणी दिलं असतं तरी मस्त म्हणाली असती, असं तिला वाटे.

यंदा येळवशीच्या दोन दिवस आधी नांदेडच्या एका पाहुण्यानं अर्धी वाटी तशीच ठेवली. तोही जाताना "मस्त" म्हणालाच. मल्लम्मानं पदराआड ती वाटी नाकाला लावली. जशी काय मोकळी वाटी. पोट भरलं म्हणून ठेवली, की नासली म्हणून? आणि परवा शंभर माणूस येणार.

तेव्हा तिला धोंडाबाई आठवली.

धोंडाबाई म्हणजे तिची थोरली नणंद, शिरूर अनंतपाळची. चाळीस वर्षांत भावजयीच्या हातच्या एका घासाला तिनं बरं म्हटलं नव्हतं. नव्या नवरीची पहिली आंबील चाखून म्हणाली, "आंबील हाय का भिंतीला द्यायचा चुना?" भाऊ वारला तेव्हा रडून झाल्यावर भाकरी मोडता मोडता म्हणाली, "माझा भाऊ गेला ते खरं, पन् पीठ तेवढं चाळून घ्यायचं हुतं." मल्लम्मा ज्या जिभेला जन्मभर भ्याली, तीच एक जीभ आता खरं बोलणारी उरली होती.

तिनं फोन लावला. "वन्सं, येळवशीला लातूरला या."

"तुझ्या त्या हाटेलात? भिताडाच्या आत कसली गं येळवस?"

"या तर खरं. काय चुकतंय ते सांगा."

"ते सांगाया कशाला यावं लागतंय? हितूनच सांगते की!" म्हणाली, पण आली.

येळवशीच्या सकाळी लाकडी दारापाशी अमरेश धोंडाबाईशी मान खाली घालून काहीतरी बोलताना मल्लम्माला दिसला. मग धोंडाबाई कोपीसमोर मांडी घालून बसली. मल्लम्मानं गाडग्यातून वाटी भरली. नव्या नवरीसारखी पदर सावरत ती समोर उभी राहिली. धोंडाबाईनं वाटी तोंडाला लावली, आणि पदर पुढं ओढला. तोंड दिसेनाच. वाटी रिकामी करून खाली ठेवली.

"लई झ्याक झालीय गं, मल्लम्मा."

मल्लम्मानं पळी गाडग्यावर आडवी ठेवली. तिनं अमरेशकडं बघितलं. तो पायाचा अंगठा मातीत रुतवत होता.

"मावशी, दोन वर्षांमागं दूध करपलं तवाच मला कळलं. ह्या आक्काला एवढंच म्हणालो, आज टोचून बोलू नका."

"मग आंबील तू चाखून बघतोस व्हय?"

"मला काय कळतंय त्यातलं? आंबील कळायच्या वयात मी पुण्याला हॉस्टेलात. मला सगळीच ग्वाड लागती."

मल्लम्मा धोंडाबाईच्या पुढ्यात बसली. "वन्सं, तुमच्या भावाची आण हाय. खरं सांगा."

"खरंच सांगायले. झ्याक हाय."

"असं करू नका हो. पाया पडते. शंभर माणूस बसलंय. एकदा नाव ठेवा."

धोंडाबाईनं वाटीत पाहिलं, गाडग्यात पाहिलं, चिंचेकडं पाहिलं. चाळीस वर्षं ज्या बाईला नाव ठेवायला श्वास घ्यावा लागला नव्हता, ती आता शोधत होती.

"हे..." ती शेवटी म्हणाली, "हे गाडगं लई लहान हाय गं. एवढ्या मान्साला कसं पुरंल?"

कोपीतून कुणीतरी हाक मारली, "मावशी, आंबील!" मल्लम्मा उठली. गाडग्याला कान लावला. आत बुडबुडत होतं; आंबली की नासली, ते मात्र गाडगंही सांगेना. तिनं पळी बुडवली आणि पहिली वाटी भरली.